विद्यापीठ-कंपनी करार: प्लॉट सरकारचा, निकाल कोणाचा?

कपाशीवाला_दारव्हा:
मंडळी, कृषी विद्यापीठानं कंपन्यांशी संशोधनाचे करार करावे का नाही? मले विचारसान तं खुशाल करा, पण निकाल झाकू नका. गेल्या खरिपात आमच्याकडल्या एका संशोधन केंद्रावर गेलो होतो, फवारणीच्या प्लॉटात पाट्या टी-४, टी-५ अशा, औषधाचं नाव कुठंच नाही. एक पोरगी झाडाले सुतळी बांधून हिरवी बोंडं फोडून अळ्या मोजत होती, तिले विचारलं कोनतं औषध बाई, तं म्हणे काका आम्हालेच सांगितलं नाही. दिवाळीनंतर पुन्हा गेलो तं साहेब म्हणे कंपनीनं हो म्हटल्याबिगर छापता येत नाही, करारात कलम हाय. जमीन सरकारची, विहीर सरकारची, पगार सरकारचा आन निकाल कंपनीच्या कपाटात?

एमएस्सी_अकोला:
काका, पाटीवर चिडू नका हो, मोजणाऱ्याला नाव कळलं की नकळत माप झुकतं म्हणून कोड टाकतात. आणि करार नसता तर तो प्लॉटच नसता. माझ्या प्रबंधाची मजुरी, पेट्रोल, लॅबची केमिकलं सगळं अशाच एका प्रोजेक्टातून निघालं, सरकारी ग्रांट आली ती मार्चमध्ये, तोवर पऱ्हाटी उपटून झाली होती. राहिलं छापायचं, तर आधी छापलं की पेटंट सहसा हातचं जातं, म्हणून कंपनी काही महिने थांबा म्हणणारच.

धुऱ्यावरून:
काही महिने ठीक, पण कायमचं काहून? चांगला निकाल आला की तोच कंपनीवाला कृषी केंद्रात पोस्टर लावते, विद्यापीठानं तपासलेलं म्हणून. फेल गेलेलं कोनी सांगत नाही, ते आपल्यालेच १५ लिटरचा पंप पाठीवर घेऊन समजते.

राजेहो_ऐका:
सगळे कंपनीलेच झोडपता. सरकारी संस्थांनी एकट्यानं करून पाह्यलं ना. नागपूरची कापूस संशोधन संस्था आन धारवाडचं कृषी विद्यापीठ, बिकानेरी नरमा बीटी, म्हंजे बोंडअळी मारणारा जीन टाकलेलं, घरचं बी ठेवता येईन असं कपाशीचं वाण, २००९ ले शेतकऱ्याच्या हाती आलं न लगेच बंद पडलं, कारण त्यात अमेरिकेतल्या मोन्सॅन्टो कंपनीचा जीन सापडला. अन आपल्या अकोल्याच्या विद्यापीठाचं कपाशीचं वाण पीकेव्ही हायब्रीड-२, ते महाबीज बियाणे महामंडळासंग करार झाला तवाच बीजी-२ मध्ये, म्हंजे दोन जीनवाल्या बीटीत आलं.

कपाशीवाला_दारव्हा:
महाबीज सरकारी महामंडळ हाय भाऊ, तिची न खाजगी कंपनीची बरोबरी लावता का?

एमएस्सी_अकोला:
हा मुद्दा मान्य. अमेरिकेतल्या बर्कलेच्या विद्यापीठानं १९९८ मध्ये नोव्हार्टिस कंपनीशी आपल्या एका विभागासाठी ५ वर्षांचा, अडीच कोटी डॉलरचा करार केला, बदल्यात त्या विभागाच्या साधारण एक तृतीयांश शोधांवर बोलणी करायचा पहिला हक्क कंपनीला. तिथल्या प्राध्यापकांनीच बोंब मारली होती. आपल्याकडं पोटात घालतात सगळे, कारण गाईडला नाराज करून पदवी कशी मिळणार? तरी करार बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

धुऱ्यावरून:
बंद कोन म्हणते बाप्पा, दाखवा म्हणतो.

वकील_नाही_पण:
माहितीच्या अधिकारात मागा मग. कलम ८(१)(घ) दाखवून व्यापारी गुपित म्हणतीन, पण त्याच कलमात व्यापक जनहित असंल तं द्या असंबी लिहिलेलं हाय. फवारणीचा निकाल जनहित नाही तं काय हाय?

कपाशीवाला_दारव्हा:
अर्जाले लागते ते १० रुपयाचं कोर्ट फी तिकीट फेरफाराच्या वेळचं घरी पडून हाय. मजकूर कोनी लिहून देता का, माह्या अक्षरातलं तं मलेच वाचता येत नाही.