मुलीला रशमध्ये सगळ्या सोरोरिटींनी ड्रॉप केलं, तिला कसं सावरू?

कुणाच्या मुली यातून गेल्या असतील तर प्लीज सांगा. आम्ही टेक्ससात असतो, लेक यंदा दुसऱ्या राज्यात एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत गेली आणि क्लासेस सुरू व्हायच्या आधीच तिने रश केलं. सोरोरिटी म्हणजे इथल्या कॉलेजमधल्या मुलींच्या क्लबसारख्या संघटना, आणि रश म्हणजे त्यांची नव्या मुली निवडायची पद्धत. रोज त्या सोरोरिटींच्या घरांमध्ये जाऊन गप्पा मारायच्या, दर राउंडला प्रत्येक घर काही मुलींना गाळत जातं, शेवटी प्रेफरन्स हा शेवटचा राउंड आणि मग बिड डे, म्हणजे सामील व्हायचं आमंत्रण (बिड) मिळायचा दिवस. दुसऱ्या राउंडला निम्मी घरं गेली तरी म्हणाली चालतंय गं आई. पण पुढच्या राउंडनंतर सकाळी लिस्ट यायच्या आधीच रिक्रूटमेंट काउन्सिलरचा (रशमध्ये मुलींना मदत करणाऱ्या मुलीचा) फोन आला, आणि एकही घर उरलं नाही त्यांनाच तो फोन येतो हे पोरींना माहीत असतं, त्यामुळे स्क्रीनवर नाव बघूनच तिला कळलं. मला फोन केला तेव्हा पाच मिनिटं नुसतं रडणं ऐकू येत होतं. प्रेफरन्ससाठी आम्ही दोघींनी तीन दुकानं पालथी घालून घेतलेला ड्रेस टॅगसकट कपाटाच्या दाराला लटकतोय. रूममेटला बिड मिळाली, तिच्या बेडवर फुगे, आणि माझी पोर त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपते, जेवायलाही खाली जात नाही.

सारखं विचारते, आई मी काय चुकीचं बोलले, माझ्या रंगामुळे का गं? काय उत्तर देऊ? हे म्हणाले, बरं झालं, आता अभ्यासाला लाग. तेव्हापासून बाबांशी बोलत नाहीये. मी विकेंडला जाऊ का, की एकटीला सावरू द्यावं?

प्रतिसाद:
ताई, माझी मुलगी २ वर्षांपूर्वी यातूनच गेली. कुठल्या घराने किती जणींना परत बोलवायचं याचा आकडा आधीच्या वर्षांच्या हिशोबावरून बांधून दिलेला असतो, त्यामुळे जिथे सगळ्यांनाच जायचं असतं त्या घरांना आवडलेल्या मुलीही गाळाव्या लागतात, हे तिला सांगा. पण रंगाचं उडवून लावू नका. २०१३ मध्ये अलाबामा युनिव्हर्सिटीत कृष्णवर्णीय मुलींना असंच डावललं होतं ते तिथल्या विद्यार्थ्यांच्याच पेपरने बाहेर काढलं. तिला काय जाणवलं ते आधी ऐकून घ्या. जागा उरलेली घरं नंतर ओपन बिडिंग करतात, म्हणजे रश संपल्यावरही थेट बिड देतात, शिवाय डेल्टा फाय ओमेगासारख्या साउथ एशियन सोरोरिटी आहेत, ती तर १९९८ ला ह्यूस्टनलाच सुरू झाली. तिच्या कॅम्पसवर आहे का बघा, पण तिला हवं असेल तरच. माझी शेवटी रोइंग क्लबात रमली. आणि हो, जाच तुम्ही. किचन असलेली रूम घ्या, वरणभात करून घाला, रशचा विषय तिने काढला तरच काढा.

खूप खूप थँक्यू. शुक्रवारचं तिकीट काढलं, छोटा कुकर बॅगेत टाकलाय. हेही येतो म्हणतायत, पण आधी तिला विचारते. ड्रेस परत करायचा का ठेवायचा तेही तिलाच ठरवू दे.