पाना हातात घेतला आणि... (घरी गाडी खोलणाऱ्या नवशिक्यांचे अनुभव)

गाडी म्हणजे आपल्याकडं दुचाकीच, हे आधी सांगून टाकतो. माझी स्प्लेंडर २०११ ची, मी छत्रपती संभाजीनगरात राहतो. मागच्या दिवाळीत ऑइल बदलायला तीन शनिवार गॅरेजला गेलो आणि तिन्ही वेळा "उद्या आणा" ऐकून परत आलो. चौथ्या शनिवारी हार्डवेअरच्या दुकानातून सतराचा रिंग पाना आणला, ऑइलची बाटली आणली आणि अंगणात बसलो.

इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं, खाली घमेलं सरकवलं, इंजिनाखालचा ऑइलचा बोल्ट काढला. काकवीसारखं काळं ऑइल पडताना बघून मनात म्हटलं, एवढंच? एवढ्यासाठी तीन शनिवार? मग बोल्ट परत बसवला. गळायला नको म्हणून आवळला. अजून थोडा. अजून थोडा. आणि एका क्षणी पाना एकदम हलका झाला. ज्यांना कळलं त्यांना कळलं.

आटे गेले. बोल्ट पोलादाचा, इंजिनाचं चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं. हरणार कोण ते ठरलेलं. लेथवाल्यानं टॅप मारून मोठे आटे पाडले, त्या मापाचा बोल्ट दिला आणि वर विचारलं, "वायसर कुठंय?" वायसर (बोल्टखालची चकती) घमेल्यात, जळक्या ऑइलच्या तळाशी.

दुरुस्ती जमल्याचे व्हिडिओ ढिगानं आहेत. म्हणून हा चर्चेचा धागा काढतोय, इथं बिघडवलेलं सांगा. काय तुटलं, काय उरलं, पुढच्या वेळी काय वेगळं केलं.

लातूरहून

२०१६ चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तो. आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा, म्हणून मी शेतातल्या बोअरवरून पाणी आणायचो. मागं दोन्ही बाजूंना दोन-दोन कॅन, वीस-वीस लिटरचे. म्हणजे ऐंशी किलो पाणी आणि पुढं मी. दोन महिन्यांत मागचं चाक डुलायला लागलं, आणि एक दिवस दोन स्पोक तुटून साडीगार्डात वाजायला लागले.

वडिलांनी पान्यानं एकेक स्पोक वाजवून दाखवला. आवळलेला टण वाजतो, ढिला बसक्या आवाजात. तेवढं ऐकून मला वाटलं, कळलं सगळं. स्पोकचा पाना आणला आणि जेवढे बसके वाजत होते तेवढे एका दमात आवळून टाकले. चाक आधी डुलत होतं, आता लंगडायला लागलं. वडील म्हणाले, "काय करायलास रे? खाटेची सुंभ ताणायलास का?" वर तिसऱ्या दिवशी पंक्चर. एका स्पोकचं टोक निपलच्या (स्पोक आवळायच्या नटाच्या) बाहेर येऊन आतून ट्यूबला टोचलं होतं.

नंतर फिटरजवळ तासभर बसून बघितलं. तो गाडी डबल स्टँडला लावतो, स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) खडू बांधतो, चाक हातानं फिरवतो. रिम जिथं खडूला घासते तिथं पांढरी रेघ उमटते. मग त्या बाजूचे स्पोक पाव आटा ढिले, समोरच्या बाजूचे पाव आटा घट्ट. पाव! पुन्हा फिरवायचं, पुन्हा बघायचं. आता मीही करतो, पण अर्धा दिवस जातो आणि चहा तीनदा होतो. टायर काढलेलाच असला तर निपलच्या बाहेर आलेली टोकं कानशीनं घासून घेतो आणि रिमची रबरी पट्टी नवी टाकतो.

त्या उन्हाळ्यात गाडी धुतली नाही हे वेगळं सांगायला नको. चेन फडक्यानं पुसायची सवय तेव्हाची.

नांदेडहून

थोडक्यात सांगतो. चेन ढिली झाली होती, मॅन्युअल बघून ताणली. दोन्हीकडच्या खुणा सारख्या, नट आवळला, स्प्लिट पिन नवी टाकली, सगळं पुस्तकाप्रमाणं. अर्धापूरपर्यंत गेलो तर गाडी पळेना, मागून जळका वास. ड्रमला हात लावला तर चटका.

चेन ताणली की चाक मागं सरकतं, चाकाबरोबर ड्रम सरकतो आणि ब्रेकची दांडी आपोआप ताणली जाते. म्हणजे मी सगळा रस्ता ब्रेक दाबूनच गाडी चालवत होतो. चेन झाल्यावर मागचा ब्रेक परत सैल करून जुळवायचा, हे कुणीच सांगत नाही कारण सगळ्यांना वाटतं सगळ्यांना माहीत आहे.

वाळूजहून

मी एमआयडीसीत असेंब्लीला आहे. दिवसभर टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरावर वाजणारा पाना, हातात असतो. 'कट' आवाज आला की हात थांबतो, विचार करायचा नाही. बारा वर्षं हेच. १९८५ ला बजाजचा कारखाना इथं आला तेव्हापासून या भागातल्या घराघरांत कुणी ना कुणी गाडीचा एखादा तुकडा बनवतंय, पण अख्खी गाडी घरी खोलणारे थोडेच.

मीही खोलली, आणि पहिल्याच दिवशी स्पार्क प्लगचे आटे वाकडे घातले. हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या डोक्यात. कारण घरच्या पान्यात कट आवाज नसतो. प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा असतो, शेवटपर्यंत. मध्ये अडला तर जोर लावायचा नाही, काढून परत घालायचा. मी पहिल्या वेढ्यालाच पाना लावला. हेड उतरवावं लागलं. कंपनीत कुणाला सांगितलं नाही, इथं पहिल्यांदा सांगतोय.

धागा काढणाऱ्या दादांसाठी: लहान बोल्टला पाना शेंड्याला धरू नका, मानेजवळ धरा. जोर आपोआप कमी बसतो. आणि ऑइलची अख्खी बाटली ओतून मोकळं होऊ नका. स्प्लेंडरची ऑइल मोजायची काडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते.

हिंगोली जिल्ह्यातून

मी आरोग्यसेविका आहे, उपकेंद्रावर. लसीकरणाच्या दिवशी पाच-सहा वाड्या-तांडे होतात, स्कूटीवर. ट्यूबलेस टायर आहे. एकदा दोन गावांच्या मधोमध चाकात खिळा दिसला. मी शहाणपणा केला आणि पक्कडीनं तो लगेच उपसला. जी हवा घेऊन अजून चार किलोमीटर गेले असते ती सगळी माझ्या डोळ्यांदेखत फुस्स. लसीचा डबा खांद्याला, गाडी हातात, ऊन डोक्यावर.

त्यानंतर दुरुस्तीचा संच आणि पायानं मारायचा पंप डिकीत ठेवला. आधी सगळं बाहेर काढून ठेवायचं, संचातल्या रबरी दोऱ्याला सोल्युशन लावून टोच्यात ओवायचं, मगच खिळा काढायचा. भोक कानशीच्या टोच्यानं साफ करायचं, दोरा अर्धा आत जाईपर्यंत दाबायचा, टोच्या झटक्यात ओढायचा. बाहेर उरलेलं कापायचं. थुंकी लावून बुडबुडा येतो का बघायचं (पाणी प्यायला ठेवते मी).

करायला बसलं की हमखास कुणीतरी थांबतं. "सरका ताई, मी बघतो." मी सरकत नाही. मागच्या महिन्यात असाच थांबलेला एक भाऊ शेवटी म्हणाला, "माझ्या गाडीचंबी बगता का?" बघितलं. त्याचं ट्यूबचं चाक निघालं, माझा संच तिथं काही कामाचा नाही.

बीडहून

फ्यूज सारखा उडत होता. मित्र म्हणाला, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून बसव. बसवला. तीन दिवस मस्त. चौथ्या दिवशी हँडलमधून धूर. फ्यूज उडत नव्हता, तो सांगत होता की कुठंतरी वायर घासतीय. हेडलाइटच्या मागं वायरीचं कातडं निघून उघडी तार फ्रेमला टेकत होती. दोन रुपयांची चिकटपट्टी वेळेवर लावली असती तर अख्खं वायरिंग नवं टाकावं लागलं नसतं. आता बॅटरीपाशी हात घालायचा तर आधी मायनस काढतो.

परभणीहून

मी फिटर आहे. तुमची बाजू ऐकली, आता माझी ऐका. सोमवारी सकाळी लोक गाडी आणत नाहीत, पिशवी आणतात. रविवारी खोललेला कार्बोरेटर पिशवीत. जेट एकीकडं, पिन एकीकडं, आणि "भाऊ, एक स्प्रिंग उरली." स्प्रिंग उरत नसते, कुठली तरी जागा रिकामी असते.

खोलताना मोबाइलवर फोटो काढा, सुटे भाग काढल्या क्रमानं वर्तमानपत्रावर मांडा. एवढं केलं तरी माझं निम्मं काम कमी. ऑइल, प्लग, चेन, केबल घरी करा, माझं काही म्हणणं नाही. स्पंजचा एअर फिल्टर धुता येतो. कागदी धुवायचा नसतो, बदलायचा. आपल्याकडच्या धुळीत पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच. पण क्लच, टायमिंग आणि डिस्क ब्रेकचं ऑइल नका काढू. २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत बऱ्याच ठिकाणी कार्बोरेटरच राहिला नाही, इंजेक्शन आहे. तिथं यूट्यूबवरचा जुना व्हिडिओ बघून पेचकस घालू नका.

आणि जळकं ऑइल चेनला लावणारे! ते लाकडाला वाळवीसाठी लावा, नाहीतर मला आणून द्या, मी ड्रममध्ये जमा करून विकतो. चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल, थोडंसं, आणि जास्तीचं पुसून. विहिरीजवळ तर कुणी ओतूच नका, मी बघितलेत ओतणारे.

धाराशिव जिल्ह्यातून

आमची समस्या पान्याची नाही, मातीची. पहिला मोठा पाऊस पडला की पांदणीतून गाडी दोनशे फूटही जात नाही. काळी माती टायरला चिकटते, वर काडीकचरा, आणि मडगार्डात जाऊन लिंपल्यासारखी बसते. चाक फिरायचंच बंद. मी नवीन असताना रेस देऊन काढायला गेलो, तर क्लच प्लेटा जळाल्या.

आता मृग लागायच्या आधी पुढचा मडगार्ड दोन बोटं वर उचलून बसवतो; खाली लोखंडी नळीचे तुकडे, लांब बोल्ट. गाडी बघायला वाईट दिसते. सीटखाली तुराटीची एक जाड काडी कायम, माती उकरायला. सोयाबीन पेरायला जाताना शेजाऱ्यालाही तीच लागते.

धागा काढणारा

वाळूजच्या दादांचं ऐकून या रविवारी पाना मानेजवळ धरला, वायसर आधी खिशात ठेवला. मग वायसर खिशातच राहिला आणि बोल्ट बसला. परत सगळं काढलं. तीन दिवस गाडीखाली पुठ्ठा ठेवतोय. पहिल्या सकाळी रुपयाएवढा डाग होता, आज सकाळीही तेवढाच.