जाहिरातीतलं घर आणि दाराआडचं घर: तुमचे अनुभव

गेल्या वर्षी घर विकायला काढलं. जाहिरातीचा मजकूर मन लावून लिहिला आणि फोटो मात्र रात्री जेवणं झाल्यावर दहा मिनिटांत उरकले. तीन आठवड्यांत दोन फोन आले, त्यातला एक राँग नंबर. मग मुलीने तोच मोबाइल घेऊन सकाळी पडदे सारले, दिवे बंद केले आणि सगळ्या खोल्यांचे फोटो पुन्हा काढले. दिवे बंद का, तर बल्बचा पिवळा उजेड साधारण २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) आणि खिडकीतून येणारा दिवसाचा ५५०० च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की भिंत अर्धी पिवळट, अर्धी निळसर दिसते. मजकुरातला एक शब्दही बदलला नव्हता. त्या आठवड्यात नऊ जण घर बघून गेले.

तुम्ही विकणारे असा, घेणारे असा की भाड्याने शोधणारे, फोटोंनी तुम्हाला तारलं की मारलं ते इथे लिहा.

*

मारलं! फोटोत हॉल असा की पोरं सायकल चालवतील. प्रत्यक्षात सोफा आणि टीव्हीच्या मधून आडवं होऊन जावं लागत होतं. मोबाइलवर ०.५ चं बटण असतं ना, त्याची ही करामत. ती लेन्स साधारण १३ मिमीची, नेहमीची २४ ते २६ ची; आकडा जितका लहान तितकं जास्त रुंद दृश्य फोटोत मावतं. जवळचं फुगतं, लांबचं आणखी लांब जातं. आता मी फोटोच्या कडा आधी बघते. भिंतीवरचं गोल घड्याळ अंड्यासारखं दिसत असेल तर खोलीही तेवढीच ताणलेली समजायची. दुसरं म्हणजे फरश्या मोजते. दोन फुटी फरशी असेल तर पाच फरश्या म्हणजे दहा फूट. फोटो खोटं बोलेल, फरश्यांची संख्या नाही.

*

फरश्यांची युक्ती झकास, पण ती दोन फुटीच आहे हे कशावरून? एक फुटी असते, ८०० मिमीचीही असते. त्याच भिंतीतल्या दाराशी ताडून बघा, दार साधारण सात फूट उंच असतं. मी स्वतः असा फसलोय, खोली निम्मी निघाली.

*

मी एजंट आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. रुंद लेन्स दरवेळी लबाडी नसते. बाथरूममध्ये भिंतीला पाठ टेकून उभं राहिलं तरी साध्या लेन्समध्ये नळ आणि दार एकत्र मावत नाहीत. कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि सरळ धरला तर निदान भिंती तरी कलत नाहीत. खाली किंवा वर झुकवला की घर पडायला आल्यासारखं दिसतं.

लबाडी असते ती न काढलेल्या फोटोंत. वीस फोटोंपैकी सहा जिमचे, चार बागेचे, आणि बाथरूमचा एकही नाही? मग गेल्यावर आधी बाथरूमच बघा. एका मालकांना मी कसंबसं पटवलं आणि बेडरूमच्या भिंतीवरची ओल फोटोत दाखवली. त्याआधी लोक यायचे, ती भिंत बघायचे आणि दोन मिनिटांत चपला घालायचे. फोटो टाकल्यावर चौकशा घटल्या, पण जे आले ते भिंतीचा खर्च मनात धरूनच आले. तिसऱ्यांनी घर घेतलं. मालक अजूनही म्हणतात की ओल नसती दाखवली तर जास्त मिळाले असते. असो.

*

आम्हाला मालक ‘परदेशात’ भेटले. फोटो मासिकात छापावेत असे, भाडं आसपासच्या निम्मं, अनामत भरा म्हणजे किल्ली कुरियरने पाठवतो. भाचा म्हणाला, फोटो उलटा शोधून बघ. गूगलवर चित्रावरून शोधायची सोय २०११ पासून आहे म्हणे, मला त्या दिवशी कळली. तेच फोटो दुसऱ्याच शहरातल्या विक्रीच्या जाहिरातीत सापडले, तीच उशी, तीच चुरगळ. पैसे वाचले.

*

भाडेकरूची बाजूही ऐका. आम्ही राहत असतानाच मालक येऊन फोटो काढून गेले. जाहिरातीत टेबलावरची माझी औषधांची पट्टी होती आणि झूम केल्यावर नाव वाचता येत होतं. शेल्फवर मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो, तोही स्पष्ट. फोटो काढायला हरकत नाही, पण आदल्या दिवशी सांगा, आवरून ठेवू. आणि मूळ फाइल कुणाला पाठवताना बघा, मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश फोटोतच नोंदलेले असतात.

*

आईचे गुडघे गेलेत. मला हॉल नको, फाटकापासून लिफ्टपर्यंतचा फोटो हवा. लिफ्ट आहे म्हणतात, आणि तिच्या आधीच्या चार पायऱ्या कुणी दाखवत नाही.

*

रिकाम्या घरात संगणकावर फर्निचर मांडायची नवी टूम पाहिली का? फोटोतल्या जागी पलंग ठेवला तर कपाटाचं दार उघडणारच नाही, हे घरी टेप लावल्यावर कळलं. फर्निचर एक वेळ चालेल, पण एका जाहिरातीत खिडकीसमोरचा विजेचा खांबच गायब केला होता. कॅलिफोर्नियात २०२६ पासून असे बदललेले फोटो ‘बदललेले’ म्हणून सांगावे लागतात, आणि मूळ फोटोही बघायला मिळावा लागतो. हे सगळीकडे व्हायला हवं, असं माझं ठाम मत.

*

इतकं गंभीर नाही, पण लिहितो. बेडरूमच्या फोटोत कपाटाच्या आरशात मी होतो, बनियनवर, जीभ बाहेर काढून, कॅमेरा सरळ धरायच्या नादात. घरातल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. पहिल्याच बाई बघायला आल्या, मी दार उघडलं, तर म्हणाल्या, “तुम्हाला पाहिलंय कुठेतरी.” घर त्यांनीच घेतलं. तो फोटो जाहिरातीतून काढायचा अजून राहिलाच आहे.