मदत हवी आहे: झेब्रा डॅनिओ मासे सतत वर येऊन तोंड उघडझाप करतायत

नमस्कार मंडळी. घरी दोन फुटी टाकी आहे, साधारण ५० लिटर पाणी, आठ झेब्रा डॅनिओ. पाच महिने मजेत होते. हे मासे म्हणजे नुसती पळापळ; शांत बसलेला डॅनिओ मी पाहिलाच नव्हता.

गेल्या रविवारी माझा स्वच्छतेचा झटका नडला. स्पंज फिल्टर नळाखाली अगदी नवा दिसेपर्यंत खसाखसा धुतला. शिवाय अर्ध्याहून जास्त पाणी बदललं, तेही थेट नळाचं. बुधवारपासून सगळे पृष्ठभागाशी लटकलेले. कल्ले लालसर, एकाच्या शेपटीची कड विरल्यासारखी झालीय. काल एक गेला. लेकीने त्याला कुंडीत पुरलं आणि माझ्याशी बोलणं टाकलंय.

माझा अंदाज: नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजमधले, माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू मेले आणि आता अमोनिया साचतोय. पाणी तपासायचं टेस्ट किट उद्या मिळेल. तोवर खाणं बंद ठेवलंय, एअर पंप चोवीस तास चालू आहे आणि रोज पाव टाकी पाणी बदलतोय, आता क्लोरीन काढणारं औषध घालून.

दुकानदार म्हणतो, मिथिलीन ब्लू (निळं जंतुनाशक औषध) टाका. पण त्याने उरलेसुरले जिवाणूही जातील ना? शेपटीसाठी मीठ चालेल का, किती? पाणी २९ अंशांवर आहे, डॅनिओंना थंड आवडतं, म्हणून झाकण काढावं म्हटलं तर हे उड्या मारतात!

पुण्यात कोणाकडे जुन्या, निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळेल का? आजच न्यायला येतो.