मदत हवी आहे: एअर बेड असूनही माकडहाडावर लाल चट्टा, कोणतं मलम?

जुळे_सोलापूर
सासूबाई ७२ वर्षांच्या, पॅरालिसिस झालाय, तीन आठवड्यांपूर्वी घरी आणलं. काल अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा दिसला. एअर बेड चोवीस तास चालू आहे. पावडर लावतो, मसाज करतो, तरी जात नाही. कोणतं मलम लावायचं तेवढं सांगा. रात्रीची बाई आठला येते, तिच्या आधी कळलं तर बरं.

रात्रपाळी
ताई, हा बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, असू शकतो. मलमाआधी एवढं सांगा. कातडी शाबूत आहे की फोड आलाय, सोललंय? बोटाने तीन सेकंद दाबून सोडल्यावर पांढरं पडतं का? शुगर आहे का? कॅथेटर (लघवीची नळी) की डायपर? मसाज मात्र आत्ताच बंद करा. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच चेपलेल्या असतात, चोळल्याने आतून आणखी इजा होते. पावडर घामात भिजून तिचे गोळे होतात, तेच घासत राहतात.

कंबर_तलाव
एअर बेड काढून वॉटर बेड घ्या. लाईट गेली तरी चालतो.

रात्रपाळी
दादा, आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड, त्यात वॉटर बेड भरायचा म्हणता? गंमत सोडा. पाणी कमी पडलं तर माणूस तळाला टेकतो, जास्त झालं तर बेड दगडासारखा होतो. आणि बेड कुठलाही असो, कूस बदलणं चुकत नाही.

कंबर_तलाव
बदलतातच की ते. नसेल तर कमरेखाली रबरी ट्यूब द्या, मधे भोक असलेली.

वॉर्ड_नं_७
ट्यूब अजिबात नको. भोकातली जागा अधांतरी राहते खरी, पण सगळा भार कडेवर येतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी तुटतो. ताई, एअर बेडवर काय काय अंथरलंय? वरपासून खालपर्यंत सांगा.

जुळे_सोलापूर
कातडी शाबूत. शुगर आहे, गोळ्या चालू. डायपर आहे. दाबल्यावर कडेला पांढरं होतं, मधोमध नाही. बेडचं रेक्झिन तापतं, एप्रिलचं ऊन माहीतच आहे, म्हणून चादर चौघडी करून घातलीय. त्यावर रबर शीट, त्यावर डायपर. आता मलम सांगा.

वॉर्ड_नं_७
कुठली चादर? सोलापुरीच ना? तिची चौघडी म्हणजे एअर बेडवर गादीच झाली. खालचे कप्पे फुगतात-बसतात, ते वर पोचतच नाही. रबर शीट घाम कोंडते. एकच पातळ सुती चादर घाला, सुरकुती न ठेवता, पण ताणून खोचू नका. मधोमध पांढरं न पडणं ही बेडसोरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही, म्हणून हाताच्या पाठीने आजूबाजूशी ताडून बघा: गरम, कडक किंवा मऊ पिचपिचीत लागतं का. जांभळं दिसलं तर कातडी शाबूत असली तरी आतून खोल असू शकतं, थांबू नका.

भुईकोट
बीपी मोजताना कफ कपड्यावरून बांधू नका, हात हृदयाच्या पातळीला ठेवा, पाच मिनिटं शांत पडू द्या. पॅरालिसिसच्या बाजूच्या हाताला बांधू नका.

कंबर_तलाव
बीपी कोणी विचारलं इथे? ताई, त्यांना दिवसभर पाठ टेकवून बसवा, चट्ट्यावर भार येणार नाही.

रात्रपाळी
उलट! डोकं वर केलं की अंग खाली घसरतं. कातडी चादरीला चिकटून जागीच राहते, आतलं हाड सरकतं, आणि माकडहाडावर ताण पडतो. तीस अंशांच्या वर नको.

जुळे_सोलापूर
मग फीड कसं देऊ? सिस्टरांनी डोकं वर ठेवायलाच सांगितलंय. दर दोन तासांनी २०० मिली.

वॉर्ड_नं_७
नाकात नळी आहे हे आधी सांगायचं की ताई! दोन्ही बरोबर आहे, क्रम लावून घ्या. आधी कूस बदला, चट्टा बघा. मग गुडघ्याखाली उशी देऊन गुडघे किंचित वर, त्यानंतरच डोकं तीस ते पंचेचाळीस अंश. उलट केलंत की घसरणार. नाकाशी नळीवरची खूण सरकली नाही ना, बघा. सरकली असेल तर फीड देऊ नका, सिस्टरांना फोन करा. फीड संपलं की ३० मिली पाणी. तासभर तसंच, मग डोकं खाली. फीड झाल्यावर लगेच वळवू नका, अन्न उलटून श्वासात जाऊ शकतं.

रात्रपाळी
कूस म्हणजे सरळ आडवी नव्हे, नाहीतर खुब्याच्या हाडावर नवा चट्टा. पाठीमागे उशी देऊन तीस अंश कलवा. पोटरीखाली लांबट उशी घाला, टाचा हवेत लोंबत्या राहू द्या. ओढायचं नाही, दोघांनी चादरीने उचलायचं. लुळा हात धरून तर मुळीच नाही, खांदा निखळतो. त्या बाजूवर थोडाच वेळ, खांदा पुढे काढून.

जुळे_सोलापूर
सगळं ठीक. पण मलम?

रात्रपाळी
चट्ट्यावर काही नाही. डायपरच्या ओलीसाठी आजूबाजूला झिंक ऑक्साइडचा पातळ थर. कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा. स्पिरिट, डेटॉल नको. फोड, पाणी, वास, ताप, किंवा नाडी शंभरच्या वर टिकून राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टर. शुगर असल्यामुळे रोज त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

वॉर्ड_नं_७
अजून एक. माकडहाडाच्या बरोबर खाली, बेडच्या तळाशी तळहात वर करून सरकवा. हात आणि हाड यांच्यात इंचभर हवा लागली पाहिजे.

जुळे_सोलापूर
चादर काढली. हात घातला तर हाडच टेकतंय. पंपाचा नॉब पार सॉफ्टवर होता.

वॉर्ड_नं_७
हळूहळू हार्डकडे न्या, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा हात घाला. इंचभर हवा लागली की थांबा, त्यापुढे फुगवू नका. लाईट गेली तर पंपाकडच्या नळ्या दुमडून चिमटा लावा आणि येईपर्यंत तासातासाने वळवा. रात्रीच्या बाईला हे लिहून द्या, तोंडी नको.

भुईकोट
ती चादर डबल बेडची आहे का? वजन किती असेल?