कार्ब्युरेटरची सफाई: स्वतः करावी की गॅरेजवर सोपवावी?

मूळ मत

एक सिलिंडरची, कार्ब्युरेटर (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) असलेली मोटारसायकल ज्याच्याकडे आहे, त्याने ही सफाई स्वतः करायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे. गाडी काही महिने उभी राहिली की फ्लोट बाउलमधले, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळच्या वाटीतले, पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. तो बहुधा सर्वांत आधी पायलट जेट (इंजिन संथ चालताना पेट्रोल पुरवणारी बारीक भोकाची नळी) बुजवतो, कारण त्याचे भोक सहसा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. चोक (मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा खटका) ओढल्यावर चालणारी गाडी चोक सोडताच बंद पडू लागली, तर पहिला संशय या जेटवरच घ्यावा. ते मोकळे करायला अचूक बसणारा स्क्रू ड्रायव्हर, कार्ब्युरेटर क्लीनर, दाबाची हवा आणि सवड पुरते. गॅरेजमध्ये आपण पैसे मोजतो ते मुख्यतः वेळेचे, आणि गर्दीच्या दिवशी नेमका तोच कमी पडतो. प्रत्येक जेट उजेडासमोर धरून आरपार पाहण्याची निकड मालकाइतकी दुसऱ्या कोणाला वाटणार?

प्रतिसाद १ : असहमत

आपण सवडीला जितके महत्त्व देता, तितके सरावाला देत नाही. बुजलेल्या जेटमध्ये नवखा माणूस हमखास तार घालतो. जेट मऊ पितळेचा असतो. त्याचे भोक ०.३८ मिलिमीटरवरून ०.४२ झाले, तर क्षेत्रफळ सुमारे २२ टक्क्यांनी वाढते, आणि मग स्वच्छ कार्ब्युरेटर असूनही गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागते. जपानी बनावटीच्या अनेक कार्ब्युरेटरांचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) प्रकारचे असतात. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यांत पुरता बसत नाही आणि जोर लावताच डोके झिजते. शिवाय क्लीनरचा फवारा कार्ब्युरेटरमधल्या रबरी डायफ्रॅमवर (पातळ पडद्यावर) पडला, तर तो पडदा फुगतो. मजुरी वाचवायला जाऊन नवा कार्ब्युरेटर घ्यावा लागणे ही बचत नव्हे.

मूळ लेखकाचे उत्तर

आपले तिन्ही धोके खरे आहेत, पण ते टाळण्याची रीत कोणालाही शिकता येते. तार वापरूच नये. जेट क्लीनरमध्ये भिजत ठेवून हवेने मोकळा करावा. डायफ्रॅम, ओ-रिंग आणि रबराचे सारे भाग फवाऱ्यापूर्वी काढून बाजूला ठेवावेत. हवा-पेट्रोलचे मिश्रण ठरवणारा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवून किती फेरे झाले ते लिहून ठेवावे, म्हणजे तो पुन्हा मूळ जागी बसवता येतो. (पेट्रोलचा कॉक बंद करणे आणि हे काम मोकळ्या हवेत, ज्योतीपासून लांब करणे, हे मी गृहीतच धरतो.)

प्रतिसाद २ : असहमत

मला खरी अडचण निदानाची वाटते. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी मॅनिफोल्डला चीर पडून बाहेरची हवा आत शिरत असेल, टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) घट्ट झाले असतील किंवा ठिणगी क्षीण असेल, तरीही गाडीचे आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे संथ चालणे) बिघडते आणि मालक मात्र स्वच्छ असलेला कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा उघडत बसतो. चांगला मेकॅनिक आधी या गोष्टी तपासतो; त्याचे पैसे त्या पारखीचे असतात. चार सिलिंडरच्या, चार कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत तर सफाईनंतर चारही थ्रॉटल (हवेच्या झडपा) व्हॅक्यूम गेज, म्हणजे हवेचा ओढा मोजणारे मापक, लावून एकमेकांशी जुळवावे लागतात, आणि एवढ्यासाठी ते गेज विकत घेणारे मालक थोडेच.

मूळ लेखकाचे उत्तर

चार कार्ब्युरेटरांच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत आहे, आणि म्हणूनच माझे विधान एका सिलिंडरपुरते होते. निदानाचा मुद्दा मात्र मला उलट बाजूचा वाटतो. गाडी चालू ठेवून मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडावे. इंजिनाचा आवाज बदलला, तर हवा तिथूनच शिरते आहे. ही तपासणी सफाईपेक्षा सोपी आहे, आणि आपल्या गाडीचा रोजचा आवाज मालकाइतका कोणाच्याच कानात बसलेला नसतो.

प्रतिसाद ३

कार्ब्युरेटर स्वतः उतरवून फक्त तो सुटा भाग अल्ट्रासोनिक (द्रवात बुडवून ध्वनिलहरींनी होणाऱ्या) सफाईसाठी द्यावा, असे मी सुचवेन. उतरवण्या-चढवण्याची मजुरी वाचते आणि फवारा पोहोचत नाही असे आतले बारीक मार्गही बरेचसे मोकळे होतात. मात्र देण्यापूर्वी रबराचे भाग काढून घ्यावेत, आणि परत आल्यावर फ्लोटची (बाउलमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून मगच तो चढवावा.