शीर फुगली की फुटली?

प्रश्न :
मी नाशिकला मुलांच्या वॉर्डात काम करते. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. रक्ताची उलटी झालेली, टॉवेलवर काळपट गुठळ्या. दुर्बीण टाकली तेव्हा जठराच्या वरच्या भागात सुजलेल्या शिरांचा पुंजका दिसला. डॉक्टर म्हणाले, "शीर फुगलीय, तिथून रक्त आलं." वडिलांनी बाहेर जाऊन घरी फोन लावला, "शीर फुटलीय म्हणे." पलीकडे रडारड सुरू झाली. गावाकडे 'शीर फुटली' म्हणजे मेंदूतलीच, माणूस हातचा गेला. एका अक्षरानं केवढा घोळ! अशा फुगलेल्या शिरांना, म्हणजे 'व्हेरिसेस'ला आपण काय म्हणावं?

प्रतिसाद १ :
'अपस्फीत नीला' हा शब्द आहे. स्फीत म्हणजे फुगलेली, आणि 'अप' अपचनातला. रोहिणी हृदयाकडून रक्त नेते, नीला परत आणते. 'नस' मात्र टाळाच, 'नस दबली' म्हणताना आपण मज्जातंतूबद्दल बोलत असतो.

प्रतिसाद २ :
शब्द नेमका आहे, लिहिताना जरूर वापरा. पण रात्री दोन वाजता घाबरलेल्या आईला 'अपस्फीत नीला' सांगून काय कळणार? 'फुगलेली शीर' म्हणा आणि 'फुगलेली'वर जोर द्या. 'पोटात जखम' किंवा 'अल्सर' तर मुळीच म्हणू नका. लोक ॲसिडिटीच्या गोळ्या देत बसतात, आणि खरं दुखणं दुसरीकडेच असतं. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी मोठी नीला तुंबलेली असते. आपल्याकडच्या मुलांत हे कारण बरंच आढळतं, यकृत पुष्कळदा ठणठणीत असतं. पाणथरी (प्लीहा) मात्र वाढलेली लागते.

प्रश्नकर्ती :
दादा, 'तुंबलेली' हा शब्द फार उपयोगी पडला. मी त्या वडिलांना तसंच सांगितलं. ते लगेच म्हणाले, "म्हणजे पाट तुंबला की पाणी बारक्या चाऱ्यांत शिरतं, तसं." फोटो बघून म्हणाले, "घडच लागलाय की." खरंच, मणी एकमेकांना चिकटलेले दिसत होते. आता क्रियापदाचं सांगा. सगळे 'ग्लू मारला' म्हणतात, मला ते खटकतं.

प्रतिसाद २ :
ताई, दोन क्रियापदं वेगळी ठेवा. अन्ननलिकेतली शीर 'बांधतात', तिच्यावर रबरी बँड चढवतात. जठराच्या माथ्यातली शीर 'बुजवतात'. सायनोॲक्रिलेट नावाचं चिकट औषध दुर्बिणीतून सुईनं थेट शिरेत सोडतात, रक्त लागताच ते काही सेकंदांत घट्ट होतं. विहीर बुजवावी तसंच हे. पुढं काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो गठ्ठा सुटून जठरात पडतो. क्वचित औषधाचा कण रक्तातून फुप्फुसात जाऊ शकतो, हेही आधी सांगायला हवं. अगदी तान्ह्या बाळाच्या अन्ननलिकेत बँडचं उपकरण मावत नाही, तिथं औषध टोचून शीर 'सुकवतात'.
आणि 'बरा झाला' म्हणू नका, 'रक्त थांबलं' म्हणा. मूळ पाट तुंबलेलाच असतो, दुर्बीण पुन्हा लागते.

प्रतिसाद १ :
'दुर्बीण'बद्दलही एक. पित्ताशयाचं ऑपरेशनही लोक 'दुर्बिणीतून' म्हणतात, त्यामुळे पोटाला भोकं पाडणार असं वाटतं. 'तोंडातून दुर्बीण' म्हणावं.

प्रश्नकर्ती :
हो, त्या आईनं पहिल्यांदा मुलाचा सदराच वर करून पाहिला होता. घरी जाताना द्यायच्या कागदावर 'काळी शी झाल्यास या' असं असतं, तेही बदलतेय. शी काळी होते ती फक्त आतल्या रक्तस्रावानं नाही, लोहाच्या औषधानंही होते. 'डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची' असं लिहिलंय.